सोलापुरात सायकल घ्यायचीय: साधी, मोटार-बॅटरीचं किट बसवलेली की ई-सायकल?

आधी एक ठरवा, चालवणार कोण. दुकानात गेलं की लगेच रेंज किती, म्हणजे एका चार्जला किती किलोमीटर जाते, मोटार किती वॅटची यावरच गाडी जाते आणि घरातल्या ज्या माणसासाठी सायकल घ्यायचीय, आई म्हणा वडील म्हणा, त्यांना कुणी काही विचारतच नाही. माझं मत असं की ज्यावर सहज चढता-उतरता येत नाही ती सायकल कितीही भारी असू दे, दोन महिन्यात जिन्याखाली जाते.

वय कमी, गुडघे चांगले, आणि रोजचं जाणं-येणं सात रस्ता ते नवी पेठ एवढंच असेल तर साधीच घ्या. आपलं गाव बऱ्यापैकी सपाट आहे, पंक्चरवाला कुठंही सापडतो, पैसेही वाचतात.

पण शहराबाहेरच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून अक्कलकोट रोडनं रोज शहरात यायचं असेल तर हिशोब बदलतो. विडी कामगार मावशींचंच बघा, विड्या द्यायच्या, पान-तंबाखूची पिशवी परत आणायची, वर मे महिन्याचं ४२-४३ डिग्री ऊन आणि पावसाळ्यात समोरून येणारं वारं, त्यात साध्या सायकलवर एवढं अंतर रोज मारा असं पन्नाशीच्या बाईला कोण सांगणार? इथं ई-सायकल खरंच कामाची आहे. मोटार २५० वॅटपर्यंत आणि स्पीड ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर लायसन्स नको, पासिंग नको, म्हणजे ज्यांनी आयुष्यात गाडी चालवली नाही त्यांनाही ती चालते. ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २७० वॅट-अवर, फुल चार्जला साधारण पाव युनिटच्या वर थोडी वीज. कंपनी सांगते ती मोठी रेंज मात्र पेडल मारत असतानाची असते, पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे हँडलवरच्या अ‍ॅक्सिलरेटरवर, गेलात तर बरीच कमी भरते.

अडचण पैशाची आहेच, साध्या सायकलपेक्षा ती बरीच महाग पडते. आणि मला राग येतो तो डिझाइनचा. बरेच मॉडेल पोरांच्या एमटीबीसारखे, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलीसारखे, मधे आडवा दांडा, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, साडीगार्ड तर नाहीच. साडीचा पदर चाकात जाणार नाही याची सोय नसेल तर ती सायकल निम्म्या गावासाठी नाहीच. त्यामुळं खाली वाकलेल्या दांड्याचीच मागा, सीट एवढी खाली येते का बघा की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पेडल मारलं की मोटारला इशारा देणारा सेन्सर कुठला तेही विचारा. साध्या सेन्सरला पेडल थोडं फिरलं की मोटार एकदम ओढते, नवीन माणूस सिग्नलला दचकतो. टॉर्क सेन्सर पायाच्या जोराप्रमाणे मदत करतो, महाग आहे पण वयस्कर माणसाला तोच बरा. तो परवडत नसेल तर मोटारची मदत सगळ्यात कमी असलेल्या, एक नंबरच्या लेव्हलवर शिकवा.

किटचं म्हणाल तर आहे त्या सायकलच्या मागच्या चाकात हब मोटार (चाकाच्या मधोमध बसणारी) बसते, स्वस्तात काम होतं. पण जुन्या काळ्या सायकलला रॉड ब्रेक असतात, २५ च्या स्पीडला ते पुरत नाहीत, डिस्क किंवा चांगले व्ही-ब्रेक बसणार नसतील तर किटच्या नादाला लागू नका.

बॅटरी काढता येणारीच घ्या, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला २०-२५ किलोची सायकल उचलून नेणं जमत नाही. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या, उन्हाळ्यात रात्रीच लावा.

सकाळच्या राइडच्या ग्रुपमध्ये ई-सायकलवाल्याला ‘ही काय सायकलिंग’ म्हणून ऐकवतात, ते बंद व्हायला पाहिजे. असिस्टवर, म्हणजे मोटारची मदत घेत चालवताना, पेडल मारावंच लागतं, घामही येतो, फक्त गुडघ्यावरचा ताण कमी होतो. नेदरलँडमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलीत साधारण निम्म्या ई-सायकली आहेत, त्यांना कुणी कमी लेखत नाही.

घ्यायला जाताना चालवणारीला सोबत न्या, रोजच्या कपड्यात, रोजची पिशवी अडकवून. ब्रेक दाबल्या दाबल्या मोटार बंद होते का बघा, मग मोटार बंद ठेवून शंभर पावलं चालवून बघा, आणि कंट्रोलर, म्हणजे मोटारला वीज सोडणारा डबा, बिघडला तर सोलापुरातच दुरुस्त होणार की पुण्याला पाठवणार ते बिल करायच्या आधी विचारून घ्या.