सागवानी तक्तपोशीला चपड्याचं पॉलिश : दिवाळीपासून भादव्यापर्यंतचा अनुभव

साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर सागाची तक्तपोशी आहे. वरचं पॉलिश कधीच उडालं होतं, फळ्या कोरड्या पडल्या होत्या आणि पायाला कुसळं लागायला लागली होती. दुसऱ्या कुठल्या घरात हे आठवड्याभराचं काम झालं असतं. पण माझ्या बायकोला दमा आहे आणि त्याच्या जोडीला रसायनांचा त्रास. नुकत्याच रंगवलेल्या खोलीत थोडा वेळ बसली तरी तिचं डोकं भणभणतं, छाती आवळते आणि पुढचे दोन दिवस वाया जातात. दम्यापलीकडच्या या त्रासाला काही डॉक्टर नाव देतात, काही देत नाहीत. मला निवड करायची होती ती तिच्या झोपायच्या खोलीसाठी.

आपल्याकडे पॉलिशवाला सगळ्यात आधी मेलामाइन सुचवतो, नाहीतर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. दोन्ही मी पहिल्याच दिवशी बाद केली. मेलामाइन आम्लाचा हार्डनर घालून घट्ट होतं आणि त्या क्रियेत फॉर्माल्डिहाइड सुटतं. लावतानाच नव्हे, नंतरही बराच काळ. माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली त्याला पहिल्या गटात टाकलं. दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि स्प्रेचं काम करणाऱ्या कारागिरांना त्यापासून दमा जडतो हे वैद्यकशास्त्रात पक्कं नोंदलेलं आहे. सुकून पूर्ण घट्ट झालेला पीयूचा थर पुष्कळच निरुपद्रवी असतो, हे मान्य. पण जुन्या घरात खालची-वरची हवा एकच असते. दम्याच्या माणसाच्या डोक्यावर तो फवारा उडवायची माझी तयारी नव्हती.

मग डब्यांवरची लेबलं वाचायला घेतली. 'लो व्हीओसी' (हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं कमी) या शब्दांवर विसंबून राहू नका, असं मी कळकळीने सांगेन. डब्यात उडून जाणारं द्रावक किती आहे, एवढंच त्यातून कळतं. सुकल्यावर खोलीच्या हवेत काय आणि किती दिवस येत राहील, ते कळत नाही. त्यासाठी बंद कक्षात ठेवून उत्सर्जन मोजलेलं प्रमाणपत्र लागतं. उदाहरणार्थ, युरोपातल्या एमिकोड या प्रमाणपत्र-योजनेच्या 'ईसी 1 प्लस' या सर्वांत कडक वर्गात 28 दिवसांनंतर बाष्पांची एकूण मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. याउलट 'लहान मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षित' हा शिक्का बहुतेक वेळा ईएन 71-3 या चाचणीवर दिलेला असतो. मूल वस्तू चघळतं तेव्हा शिसं, कॅडमियम यांसारखे घटक किती सुटतात, ते त्या चाचणीत पाहतात. नाकात काय जातं याच्याशी तिचा संबंध नाही. पाण्यातल्या पॉलिशमध्ये द्रावक कमी असतं, पण डबा नासू नये म्हणून आयसोथायाझोलिनोन जातीची संरक्षकं घालतात. त्यातल्याच मिथाइलआयसोथायाझोलिनोनला अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 चं 'वर्षाचं ॲलर्जेन' ठरवलं होतं.

'नैसर्गिक' तेलांचंही तसंच. आमचे सुतारकाका बेलतेलाच्या, म्हणजे पॉलिशसाठीच्या अळशीच्या तेलाच्या, बाजूचे. अळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना हेक्सनालसारखे अल्डिहाइड सोडतं. तो खवट वास यातूनच येतो. शिवाय सागात मुळातच असे घटक असतात की त्यावर तेल सुकायला जास्त वेळ घेतं. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप पेटू शकतात, हेही लक्षात ठेवा. फिलाडेल्फियात 1991 साली वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला अशाच फडक्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान गेले.

शेवटी निवड कागदांवरून केली नाही. सागाच्या उरलेल्या पट्ट्यांवर बेलतेल, आयात केलेलं हार्डवॅक्स ऑइल (मेण मिसळलेलं तेल), पाण्यातलं एका डब्याचं पीयू आणि चपडा, म्हणजे लाख, लावला. पट्ट्या गच्चीत सुकू दिल्या आणि मग काचेच्या वेगवेगळ्या नव्या बरण्यांत बंद करून ठेवल्या. अधूनमधून बायको झाकण उघडून, अंतर ठेवून, अगदी थोडा वास घ्यायची. डॉक्टरांना विचारून, इन्हेलर हाताशी ठेवूनच. ज्यांना तीव्र झटके येतात त्यांनी हे करू नये. बेलतेल तिला महिन्यानंतरही सोसवेना. हार्डवॅक्स हळूहळू निवळलं. पाण्यातल्या पीयूचा वास मला येत नव्हता, तिला कित्येक दिवस येत होता. चपड्याची बरणी मात्र चार-पाच दिवसांत गप्प झाली.

चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या लाखकिड्यांनी तयार केलेली राळ. झारखंड आणि छत्तीसगड हे तिचे मोठे पट्टे, आणि रांचीजवळ नामकुमला 1924 पासून लाखेवर संशोधन चालतं. स्पिरिटमध्ये ती विरघळते, स्पिरिट उडालं की मागे राळच राहते. सुकायला कुठलीही रासायनिक क्रिया लागत नाही, म्हणून सागाचं तेल तिच्या आड येत नाही. उलट लाकडातले जुने वास ती दाबून धरते. आमच्या फळ्यांना वर्षानुवर्षांच्या फिनाईलचा वास होता, तो पहिल्या दोन हातांतच मावळला.

घेताना मेण काढलेला चपडा मागा आणि पापुद्रेच घ्या, तयार बाटली नको. विरघळवलेली लाख जुनी झाली की नीट सुकत नाही, चिकट राहते. आम्ही लिटरला साधारण 250 ग्रॅम असं ताजं मिश्रण केलं. त्रास झाला तो स्पिरिटचा. दुकानातल्या डिनेचर्ड स्पिरिटमध्ये काय मिसळलंय हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं आणि पहिल्या बाटलीचा भपका असह्य होता. दुसरीकडून घेतलं ते बरं निघालं. मिथेनॉल असण्याची शक्यता धरून मास्क, हातमोजे आणि सताड उघड्या खिडक्या ठेवल्या. काम चालू असताना बायको माहेरी होती. लाक्षागृहाची आठवण काढून सासूबाईंनी आगीबद्दल विचारलं ते रास्तच होतं: ओलं स्पिरिट झटकन पेट घेतं, म्हणून त्या दिवसांत घरात ना गॅस पेटवला ना देवापुढे निरांजन.

पंधरवड्याने बायको त्या खोलीत झोपायला लागली. तेव्हापासून पॉलिशमुळे तिला एकदाही त्रास झालेला नाही आणि माझ्या लेखी यापुढे बाकीचं सगळं दुय्यम आहे.

तरी उणिवा आहेत. गरम चहा सांडला तिथे पांढरा डाग पडला. स्पिरिटचं फडकं हलक्या हाताने फिरवल्यावर तो गेला. फिनाईल, सोडा, अमोनिया यांपैकी काहीही चालत नाही, लाख त्यात विरघळते. आम्ही पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पुसतो. आषाढ-श्रावणात खिडकीजवळच्या फळ्यांची चमक मंदावली, मात्र पायाला चिकटपणा कधी जाणवला नाही. जिन्याच्या तोंडाशी, जिथे सगळ्यांची ये-जा असते, तिथला थर आताच झिजलाय. तो पूर्ण तासायची गरज नाही, कारण नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. तेवढाच तुकडा थंडीत करून घेऊ.

घरात कुत्रा असेल, स्वयंपाकघराला लाकडी जमीन असेल किंवा रोज पाणी सांडत असेल, तर नुसता चपडा टिकणार नाही. तिथे मेण काढलेल्या चपड्यावर पाण्यातल्या एका डब्याच्या पीयूचे हात देता येतात. मेण असलेल्या चपड्यावर ते नीट धरत नाही. पण तो डबा आणायच्या आधी त्याचीही एक पट्टी बरणीत घाला आणि ज्याला त्रास होतो त्यालाच ठरवू द्या.