सोलापूरचा उन्हाळा आणि तीन इलेक्ट्रिक गिटार : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका संध्याकाळी रियाज करत असताना डाव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी काहीतरी टोचले. दिव्याखाली हात धरून पाहिला, तर कातडीवर एकाखाली एक असे चार बारीक ओरखडे उठले होते आणि त्यातल्या एकातून रक्ताचा ठिपका आला होता. गिटार जानेवारीत, गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात घेतली होती, म्हणजे तिला जेमतेम तीन महिने झाले होते. नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांडीच्या, कडेवरून अंगठा फिरवला तेव्हा एकेका फ्रेटचे, म्हणजे तिच्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या तुकड्याचे, टोक करवतीच्या दातासारखे हाताला लागले. जानेवारीत हीच कड गुळगुळीत होती, हे मला पक्के आठवत होते, कारण दुकानात मी सर्वांत आधी तेच तपासले होते.

त्यानंतरच्या वर्षभरात माझ्याकडे आणखी दोन गिटार आल्या. त्यामुळे ती पहिली स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची, दुसरी लेस पॉल (गिब्सनच्या त्या नावाच्या गिटारच्या) घाटाची आणि तिसरी यामाहाची पॅसिफिका ११२ व्ही, अशा तिन्ही एकाच खोलीत, एकाच अँपवर (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर) आणि एकाच हाताने वाजवून पाहता आल्या. पहिल्या दोहोंच्या कंपन्यांची नावे मी देत नाही. जो दोष मी पुढे सविस्तर सांगणार आहे तो कंपनीपेक्षा आपल्या हवेचा आहे आणि त्या घाटाची कोणतीही गिटार इथे आणली तरी तो उद्भवू शकतो.

मी प्रामुख्याने भावगीते आणि जुनी हिंदी गाणी वाजवते. आवाज स्वच्छ ठेवते, फार तर थोडा घुमारा घेते. मींड (तार ओढून सूर वळवणे) आणि घसीट (बोट तारेवरून सरकवणे) यांशिवाय या गाण्यांमध्ये काही उरत नाही, म्हणून माझा डावा हात नेकवरून सतत वरखाली सरकत असतो. केवळ कॉर्ड धरून साथ करणाऱ्याला फ्रेटची टोके कदाचित वर्षभर जाणवणारही नाहीत. मला ती दर मिनिटाला जाणवत होती. या एका गोष्टीला मी इतके महत्त्व का देते, याचे कारण एवढेच आहे.

हे कसे घडते ते समजायला मला महिना लागला. लाकडातील ओल कमी झाली की ते लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आटते. फ्रेटची तार मात्र धातूची असल्याने आहे तेवढीच राहते. नेक दोन्ही कडांनी मिळून अर्धा मिलिमीटरदेखील आटत नसेल, पण तेवढ्यानेही तारेची टोके बाहेर डोकावतात. गिटारसाठी पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता चांगली मानतात. मी साडेचारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवला, तेव्हा एप्रिलमधील दुपारी तीन वाजता त्याचा आकडा १८ वर होता. आपली कडक भाकरी ज्या कोरड्या हवेत आठवडेच्या आठवडे टिकते, त्याच हवेत ही नेक वाळत होती.

फिंगरबोर्डच्या, म्हणजे नेकवर जिथे बोटे टेकतात त्या फळीच्या, लाकडाविषयीही थोडे सांगायला हवे. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटार बनवणाऱ्या अनेकांनी शिसव सोडून दुसरी लाकडे धरली होती. त्यात इंडियन लॉरेल या नावाने जे लाकूड येते, ते आपल्या सह्याद्रीतल्या ऐनाचे. माझ्या स्ट्रॅटचा फिंगरबोर्ड ऐनाचा आहे. हा दोष ऐनामुळे आला, असे मी काही काळ ठामपणे सांगत होते, ते मत आता मी मागे घेते. कोरडेपणात शिसवही आटते. नेक तयार होताना लाकूड किती मुरले होते आणि फ्रेटची टोके किती काळजीने घासली होती, यावर जास्त अवलंबून असते.

मी गिटार जिथून घेतली ते दुकान पुण्यात आहे. आधी छायाचित्रे पाठवली, तर त्यांत काही दिसत नाही, असे उत्तर आले. मग मे महिन्यात एक दिवस रजा काढून, हुतात्मा एक्सप्रेसने गिटार घेऊन मी स्वतः गेले. तिथल्या माणसाने कडेवरून बोट फिरवले आणि सांगितले, “मॅडम, लाकूड आहे, कमीजास्त होणारच, हे वॉरंटीत बसत नाही.” वॉरंटीच्या कागदावर तसे कुठे लिहिले आहे ते दाखवा, असे मी म्हटले, तेव्हा त्याने कागद न पाहताच दुरुस्तीचे ३,२०० रुपये सांगितले आणि गिटार तीन आठवडे ठेवून जायला सांगितले. ज्या वस्तूला मी सत्तावीस हजार मोजले होते, तिच्यासाठी चौथ्या महिन्यात आणखी तीन हजार द्यायचे आणि पुन्हा दोनदा पुण्याचा प्रवास करायचा, हे मला मान्य नव्हते. ही अडचण कोरड्या गावातल्या ग्राहकाला येऊ शकते, एवढे एक वाक्य विकताना कोणी सांगितले असते, तर मी गिटार पहिल्या दिवसापासून नीट सांभाळली असती. मला राग आला तो त्या न सांगितलेल्या वाक्याचा. त्याच संध्याकाळच्या गाडीने मी गिटार परत आणली.

हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांनी सोडवला. त्यांनी नेक मांडीवर आडवी घेतली, चष्मा वर केला आणि पहिल्या फ्रेटवर नख घासून म्हणाले, “ताई, हे पितळ नाही, जर्मन सिल्व्हर आहे. कानस हलकी चालवायला लागेल.” त्यांचे बरोबर होते. फ्रेटची नेहमीची तार तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाची असते आणि नावात चांदी असली तरी तिच्यात चांदी नसते. आम्ही तारा सैल करून बाजूला घेतल्या, फिंगरबोर्डच्या लाकडावर कागदी चिकटपट्टी लावली आणि दागिन्यांच्या बारीक कानशीने काकांनी एकवीस फ्रेटची बेचाळीस टोके एकेक करून आधी कडेशी सपाट केली, मग तिरकी घासली आणि शेवटी प्रत्येक टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून कानस केवळ टेकवल्यासारखी फिरवली. दर पाच-सहा टोकांनंतर ते डोळे मिटून कडेवरून अंगठा ओढत होते. दोन तास लागले. मी पाचशे रुपये पुढे केले, त्यांतले त्यांनी दोनशे घेतले. हे काम ऐन उन्हाळ्यात केले, हेही योग्यच झाले. लाकूड सर्वांत जास्त आटलेले असताना टोके घासली की पुढे ती पुन्हा बाहेर येण्याची शक्यता फार कमी होते. यंदाच्या एप्रिलमध्ये मी मुद्दाम रोज कड तपासली, ती गुळगुळीत राहिली.

भाच्याची लेस पॉल घाटाची गिटार माझ्याकडे श्रावणात आली. नोकरीसाठी बंगळूरला जाताना “मावशी, तुझ्याकडे वाजती राहील,” असे म्हणून तो ती ठेवून गेला. तोवर मी वापरानुरूप मोल या कसोटीवर स्ट्रॅटलाच पहिला क्रमांक देत होते. या गिटारने पहिल्या आठवड्यातच ते मत हलवले. स्ट्रॅटवर तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच असते, लेस पॉलवर ती सुमारे पावणेपंचवीस. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इथे सुमारे सहा टक्क्यांनी कमी पडतो. आकड्यात हे थोडे वाटते, पण पूर्ण सुराची मींड ओढताना माझ्यासारख्या लहान हाताच्या बाईला त्याने मोठा फरक पडतो. स्ट्रॅटवर जिथे मी तीन बोटे लावते, तिथे इथे दोन पुरतात आणि सूर नेमक्या जागी जाऊन थांबतो. शिवाय या गिटारच्या फिंगरबोर्डला दोन्ही कडांना प्लॅस्टिकची पांढरी पट्टी आहे. फ्रेटचा लाकडात रुतलेला भाग त्या पट्टीच्या आतच संपतो, त्यामुळे संपूर्ण उन्हाळ्यात ती एकदाही टोचली नाही. फिंगरबोर्डची ही पट्टी केवळ शोभेसाठी असते, असे मी समजत होते. आता कोरड्या गावात गिटार घेणाऱ्याला मी ती आवर्जून पाहायला सांगते.

आवाजाच्या बाबतीत दोन्ही घाटांचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. स्ट्रॅट १९५४ सालची, लेस पॉल १९५२ची. पहिलीत एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप (तारांखाली बसवलेले, त्यांचे कंपन विजेत बदलणारे भाग) असतात आणि दुसरीत १९५७ पासून दुहेरी वेटोळ्याचे हमबकर बसू लागले. माझ्या घरात मात्र हा फरक ठळकपणे ऐकू येतो, कारण खोलीत जुन्या चोकची ट्यूबलाइट आहे आणि कूलरची मोटर भिंतीला लागून आहे. एकेरी वेटोळे तारेचे कंपन पकडते, तसेच विजेच्या पन्नास हर्ट्झच्या क्षेत्रालाही पकडते. हमबकरमध्ये दोन वेटोळी उलट दिशेने गुंडाळलेली आणि उलट ध्रुवांच्या चुंबकांवर बसवलेली असतात, त्यामुळे तारेचा आवाज जोडला जातो आणि ही घरघर परस्परांत वजा होते. स्ट्रॅट घेऊन मी खुर्ची खिडकीकडे वळवली की घरघर निम्म्याने उतरते, आणि ट्यूबलाइट घालवून साधा एलईडी दिवा लावला की उरलेलीही सोसण्याजोगी होते. पिकअप निवडण्याच्या पाच जागांच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागा वापरली तर मधला पिकअप उलट गुंडाळलेला असल्याने तिथेही हमबकरसारखीच शांतता मिळते. भावगीताला लागणारा काचेसारखा पारदर्शक आवाज याच दोन जागांवर आहे आणि तो लेस पॉलमध्ये नाही. तिचा आवाज भरदार, रुंद आणि थोडा झाकलेला येतो. मींड तिच्यावर सोपी असली, तरी मुरकी स्ट्रॅटवर स्पष्ट उमटते.

वजनाने मात्र लेस पॉलला माझ्यापुरते मागे सारले. घरच्या काट्यावर ती चार किलो शंभर ग्रॅम भरली, स्ट्रॅट तीन किलो चारशे. गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमात मी ती पट्ट्याने गळ्यात अडकवून पाऊण तास उभी होते, त्यानंतर दोन दिवस डावा खांदा दुखत होता. बसून वाजवताना तिच्या सरळ कडेचा दाब बरगडीवर येतो. स्ट्रॅटचे अंग तिथे मागून कोरलेले असते, म्हणून ती पोटाशी टेकून राहते.

पॅसिफिका मी दसऱ्याला घेतली, स्ट्रॅटपेक्षा दोन हजारांनी महाग. यामाहा ही मालिका १९९० पासून काढत आहे आणि ११२ व्ही हे नवशिक्याला सुचवण्याचे ठरलेले उत्तर झाले आहे, म्हणूनच मी तिच्याकडे आधी पाहिले नव्हते. हा माझा पूर्वग्रह चुकीचा होता. ब्रिजपाशी, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात तिथे, हमबकर आणि पुढे दोन एकेरी पिकअप, शिवाय टोनची खुंटी वर ओढली की हमबकरचे एकच वेटोळे चालू राहते, अशी तिची रचना आहे. कूलर सुरू असेल तेव्हा मी हमबकर वापरते, रात्री सारे शांत झाल्यावर खुंटी ओढते. तारेची लांबी स्ट्रॅटइतकीच असल्याने मींडेला तितकाच जोर लागतो, पण फिंगरबोर्ड अधिक सपाट असल्याने वरच्या फ्रेटवर ओढलेला सूर मध्येच मरत नाही. फ्रेटच्या टोकांबाबत तिची तुलना मला पूर्ण न्यायाने करता येणार नाही, कारण ती आली तोवर मी शहाणी झाले होते आणि पहिल्या दिवसापासून तिला ओल दिली होती.

ही ओल देण्याची माझी रीत सांगते. प्रवासात नेतो तशी साबणाची प्लॅस्टिकची डबी घेऊन तिच्या झाकणाला तापवलेल्या दाभणाने दहा-बारा भोके पाडायची, आत भांडी घासण्याचा नवा स्पंज भिजवून, घट्ट पिळून ठेवायचा आणि अशा दोन डब्या गिटारच्या बंद पिशवीत ठेवायच्या, एक नेकच्या टोकाशी आणि एक अंगाजवळ. स्पंजातून पाणी टपकता कामा नये. पिशवीच्या आत आर्द्रतामापक पंचेचाळीसच्या आसपास राहतो. मे महिन्यात दर चौथ्या दिवशी स्पंज भिजवावा लागतो, पावसाळ्यात डब्या काढून ठेवते. कूलरच्या खोलीत गिटार उघडी ठेवली की ओल आपोआप मिळेल, असे मला आधी वाटले होते. पण रात्री साठ टक्के आणि दुपारी वीस टक्के, अशा रोजच्या चढउतारात नेक सारखी हलते आणि सूर उतरत राहतो. त्यामुळे वाजवून झाल्यावर गिटार भिंतीवर न टांगता पिशवीत ठेवणे, हाच इथे उपाय आहे.

टेलिकास्टर या आणखी एका घाटाची गिटार मी एका मैत्रिणीकडे दोन संध्याकाळी वाजवली, तेवढ्यावरून मत देत नाही. चोवीस फ्रेटच्या, पातळ नेकच्या गिटार वेगवान वादनासाठी असतात, माझ्या गाण्यांना त्यांचा उपयोग झाला नाही.

आज रोज हातात येते ती काकांनी घासलेली स्ट्रॅटच. पण कोणी तीस हजार रुपये घेऊन मला विचारले, तर मी पॅसिफिका सांगेन, आणि बसूनच वाजवणाऱ्या, मींडेवर जीव असलेल्या माणसाला अधिक पैसे साठवून पट्टीची कड असलेली लेस पॉल घाटाची गिटार घ्यायला सांगेन. तिन्हींपैकी काहीही घेतले, तरी आर्द्रतामापक आणि दोन साबणाच्या डब्या त्याच दिवशी घ्याव्यात. सगळे मिळून सहाशे रुपयांत येते.

भाचा जूनमध्ये येऊन आपली गिटार घेऊन जाणार आहे. त्याच्या पिशवीतल्या डब्या मी काढून ठेवणार आहे, कारण बंगळूरच्या पावसाळ्यात त्यांचे काही काम नाही, आणि त्या पॅसिफिकाच्या पिशवीत जादा म्हणून उपयोगी पडतील.