बेडकांच्या टाकीला सरकतं झाकण: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. दीड बाय दीड फूट, उंचीला दोन फूट अशी वरून उघडणारी काचेची टाकी, आणि त्यात दोन व्हाइट्स ट्री फ्रॉग (झाडावर राहणारे गुबगुबीत बेडूक), घरात त्यांना बटाटा आणि वडा म्हणतात, एकदा अंगयष्टी बघितली की कोणी का म्हणून विचारत नाही. घर माहीमला, समुद्र जवळ, हे मुद्दाम सांगतोय कारण गंजाचा विषय पुढे येणारे.

टाकीसोबत आलेलं झाकण पूर्ण जाळीचं होतं. बाहेरच्या देशातले सगळे व्हिडिओ सांगतात की जाळीवर काच नाहीतर प्लास्टिक टाका, ओलावा टिकतो. हिटर लावलेल्या कोरड्या घरांसाठी ते बरोबरच आहे, पण आपल्याकडे जुलैत खोलीतच ऐंशीच्या वर आर्द्रता असते, वर झाकण बंद केलं तर काचा घामेजतात, लाकडाला पांढरी बुरशी धरते आणि आतली हवा कोंदट होते. आणि तीच खोली मे महिन्यात, रात्रभर एसी, तर आर्द्रता पन्नासच्या खाली. या बेडकांना साधारण 50 ते 70 टक्के मानवतं, म्हणजे आपल्याला बंद झाकण पण पाहिजे आणि उघडं पण पाहिजे, मोसमाप्रमाणे नाही तर कधीकधी एकाच दिवसात.

म्हणून मार्चमध्ये गल्लीतल्या स्लायडिंग खिडकीवाल्याकडून झाकणच बनवून घेतलं. मच्छरजाळीवाली खिडकी असते ना आपली, काचेचा एक पल्ला, जाळीचा एक पल्ला, तीच आडवी झोपवली. मागची पाच इंचाची पट्टी कायमची जाळी, त्याच्यावर यूव्हीबी ट्यूब, म्हणजे बेडकांसाठीचा अतिनील किरणांचा दिवा. पुढच्या भागात दोन ट्रॅक, खालच्यात काच, वरच्यात जाळी. काच हवी तेवढी सरकवायची, जाळी कायम बंद, फक्त खायला घालताना उघडायची. यूव्हीबी काचेतून जवळजवळ जातच नाही, साध्या ॲक्रेलिकचंही तेच, त्यामुळे ट्यूब जाळीवरच पाहिजे, आणि जाळीही थोडी अडवते हे धरून आतली फांदी कुठे ठेवायची ते ठरवा.

मिस्त्रीला दोन गोष्टी परत परत सांगाव्या लागल्या. एक म्हणजे खिडकीच्या पल्ल्याला कडेने जो केसाळ ब्रश लावतात तो नको, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि बारीक किडे त्यातच राहायला लागतात. दुसरं सिलिकॉन. त्यांच्याकडे बाथरूमवालं, बुरशी न धरणारं असतं आणि तेच लावायला निघतात. त्यात बुरशी मारायचं औषध असतं आणि बेडूक पाणी पितो तोच मुळी कातडीतून, त्यामुळे अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन स्वतः नेऊन द्या आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय टाकीवर ठेवू नका. तो माणूस हसला माझ्यावर, "बेडकासाठी एवढं?" पण लावलं त्याने.

काच 4 मिमी घेतली. चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे अडीच किलो वजन असतं, म्हणजे माझा पल्ला किलोभर भरतो, बेडकाने खालून डोकं लावलं तरी हलत नाही. ॲक्रेलिक हलकं आणि स्वस्त आहे पण घेऊ नका, खालच्या बाजूने ओलावा शोषतं आणि हळूहळू धनुष्यासारखं वाकतं, मग फटी पडतात.

आता जाळी. खिडकीची फायबरची जाळी बेडकांना खायला टाकलेले रातकिडे कुरतडतात, भोक पडलं की रात्री कपाटामागून किर्रर्र सुरू आणि आईचं सुरू. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची जाळी टाकीत रोज पाण्याची फवारणी झाली की गंजते, शिवाय त्याच्यावरचा जस्ताचा थर बेडकांसाठी चांगला नाही. मी नागदेवी स्ट्रीटवरून स्टेनलेस स्टीलची, 304 ग्रेडची, बारीक विणीची आणली. आता दिवाळी आलीय आणि तिच्यावर एकदोन ठिकाणी चहाच्या रंगाचे डाग आलेत, आरपार गंज नाही. समुद्राजवळ राहत असाल तर 316 ग्रेडची, गंजाला जास्त टिकणारी, मिळाली तर बघा, महाग आहे.

आधीच्या झाकणाची जाळी खरखरीत होती आणि वडा रात्री वर चढून नाक घासायचा, नाकाच्या टोकाला गुलाबी, सोललेला ठिपका कायम. नवीन झाकणात तो काचेखाली चिकटून बसतो, खालून बघितलं तर बोटांच्या चकत्या काचेवर पसरलेल्या दिसतात, नि नाकाचा ठिपका पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भरून आला. माझ्यासाठी इथेच पैसे वसूल.

पण ज्याचा आधी विचारच केला नव्हता तो फायदा म्हणजे धूर. पावसाळ्यात पालिकेची धुराची गाडी येते, सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं, शेजारी मच्छर अगरबत्ती, गणपतीत धूप, आता फटाके. डास मारायच्या औषधात जी पायरेथ्रॉइड असतात ती बेडकांना विषारी आहेत, आणि उघड्या जाळीवर आपण करणार काय, चादर टाकणार? आता गाडीचा आवाज आला की काच पूर्ण सरकवतो, मागच्या पट्टीच्या मापाची कापलेली काच बाजूला तयारच असते ती पट्टीवर टाकतो, खोलीच्या खिडक्या बंद. तास-दोन तास एवढ्या मोठ्या टाकीत हवेचा काही प्रश्न येत नाही. धूर गेला की आधी खोली मोकळी करायची, मग झाकण.

आवाजही थोडा दबतो. वडा नर आहे, मिक्सर लागला की उत्तर देतो, पावसात तर विचारूच नका. काच बंद असली तर निदान वरच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काही बोलत नाहीत.

तोटे आहेत. ट्रॅकमध्ये काचेवरून ओघळलेलं पाणी आणि विष्ठा साचते, आठवड्याला जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. पिल्लू रातकिडे त्या खाचेत शिरतात आणि पल्ला सरकवला की चिरडतात. लॉक म्हणून खिडकीचीच कडी लावलीय, ती ओबडधोबड आहे. पल्ला सुरुवातीला मुलायम सरकायचा, आता अडकतो, त्याला तेल-ग्रीस काही लावायचं नाही, फक्त धुवायचं. काचेवर क्षाराचे डाग मात्र फार पडत नाहीत, मुंबईचं तलावाचं पाणी मऊ आहे. अर्थात फवारणीला क्लोरीन काढूनच वापरा.

पावसाळ्यात नुसत्या जाळीनेही हवा खेळेना म्हणून मागच्या पट्टीवर पाच व्होल्टचा छोटा यूएसबी पंखा ठेवला, हवा बाहेर फेकणारा, फवारणीनंतर पंधरा मिनिटं. बुरशी थांबली. एसीच्या दिवसांत तो बंदच.

फ्रेम, काच, जाळी, मजुरी धरून दोन हजारांच्या आत झालं. डार्ट फ्रॉग (छोटे, भडक रंगांचे बेडूक) पाळत असाल तर एवढी जाळी नको, त्यांना ऐंशीच्या आसपास आर्द्रता लागते, तिथे जाळीची बारीक पट्टी पुरे. आणि हे वाचून कोणी नॅशनल पार्कातून बेडूक उचलून आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे तो. माप देताना टाकीचं बाहेरचं माप चारही बाजूंनी वेगवेगळं घ्या, लोकल बनवलेल्या टाक्या काटकोनात असतातच असं नाही, माझी एका बाजूला तीन मिमी जास्त निघाली.