घडीचा चाकू : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मी एक घडीचा चाकू विकत घेतला आणि मोजके प्रसंग वगळता तो तेव्हापासून रोज माझ्या खिशात आहे. नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील टूलरूममध्ये डाय आणि पंचच्या (पत्रा कापण्या-वाकवण्याच्या साच्यांच्या) कामात बावीस वर्षे गेल्यामुळे पोलादाच्या निवडीबाबत आपल्याला कोणी काही शिकवावे असे मला वाटत नव्हते. प्रत्यक्षात पोलादाने जेवढा त्रास दिला त्याच्या कितीतरी पट त्रास एका लहानशा स्क्रूने दिला, आणि तो स्क्रू मार्गी लागल्यावरच चाकू खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आसपास मिळणारे बरेच चाकू याच घडणीचे असतात.

पाते ७५ मिलिमीटर लांब आणि पाठीशी ३ मिलिमीटर जाड आहे, वजन ९८ ग्रॅम आहे आणि मिटल्यावर चाकू तळहातात मावतो. लांबी ठरवताना मी कामाचा आणि कायद्याचा असा दोन्ही बाजूंनी विचार केला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात आणि घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तीन इंचांचा चाकू त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही. मात्र तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या काळात जो मनाई आदेश निघतो, त्यात तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर चाकूही येऊ शकतो. असा आदेश लागू असताना मी चाकू घरीच ठेवतो. ओझरहून विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही, हे वेगळे सांगायला नको. बटण दाबताच पाते बाहेर फेकणारा प्रकार मी पाहिलासुद्धा नाही. आपल्याकडे खिशातला चाकू म्हटले की अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे रामपुरी येतो. माझ्या पत्नीचाही पहिला प्रश्न हाच होता, ‘अहो, हा कुणाला दाखवायला आणलात?’ त्यानंतर आठवडाभरातच दुधाच्या पिशवीपासून कुरिअरच्या खोक्यापर्यंत सगळ्यासाठी तीच तो मागू लागली, ही गोष्ट निराळी.

पोलाद डी२ आहे. आमच्या धंद्यात त्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) म्हणतात आणि प्रेसच्या डायसाठी ते रोजच्या वापरातले आहे. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का आणि क्रोमियम सुमारे बारा टक्के असते. आकडा पाहून ते गंजणार नाही असे वाटते, परंतु त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बनबरोबर बांधले जाऊन कठीण कण बनवते आणि गंज अडवण्यासाठी थोडेच मोकळे उरते. हे मला ठाऊक होते. तरीही श्रावणात त्र्यंबकेश्वरला गेलो असताना लिंबू कापून पाते नुसते पँटला पुसले आणि मिटून खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी धारेलगत तपकिरी ठिपके उमटले होते. २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर तेलाचा थेंब टाकून घासल्यावर ते निघाले, पण दोन ठिकाणी बारीक खड्डे राहिले ते राहिलेच. डी२ची धार मात्र टिकते: पुठ्ठ्याची खोकी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या रोज कापूनही तीन-तीन आठवडे पुन्हा दगडाला लावावी लागत नाही. इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्याने, किंवा ज्याला चाकूने मुख्यतः फळेच कापायची आहेत त्याने, १४सी२८एन हे पोलाद पाहावे. त्यात कार्बन जेमतेम ०.६ टक्के आणि क्रोमियम १४ टक्के असल्यामुळे ते गंजाला सहजासहजी दाद देत नाही.

आता स्क्रूविषयी. घडीच्या चाकूत पाते दोन पत्र्यांच्या मधोमध असते, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो आणि हे सगळे पात्याच्या मुळाशी असलेला एकच स्क्रू आवळून धरतो. तो जास्त आवळला तर पाते जड चालते आणि सैल सोडला तर उघड्या पात्याला आडवा प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. माझा चाकू आला तेव्हा इतका घट्ट होता की एका अंगठ्याने उघडत नव्हता. मी स्क्रू पाव फेरा सैल केला आणि समाधान पावलो. पंधरा दिवसांत पेरू कापताना पाते डुलते आहे असे जाणवले, म्हणून आवळला. पुन्हा जड झाला, पुन्हा सोडला. हा खेळ सहा आठवडे चालला आणि या काळात मी चाकूला मनातल्या मनात बरीच दूषणे दिली. चूक माझीच होती. कारखान्यात आट्यांवर लावलेली चिकटी मी पहिल्या पाव फेऱ्यातच मोडली होती, त्यामुळे प्रत्येक उघडझापीला पाते स्क्रूला थोडे थोडे फिरवत होते.

शेवटी एका रविवारी पांढऱ्या ताटात सगळा चाकू खोलला. त्यासाठी टी६ आणि टी८ या दोन स्टार की लागल्या, आणि त्या चांगल्या प्रतीच्याच असाव्यात. वॉशर फॉस्फर ब्राँझचे निघाले, म्हणजे माझ्या दृष्टीने उत्तमच. बॉल बेअरिंगचे चाकू हातात घेतल्यावर लोण्यासारखे उघडतात, पण खिशातला धागा, भुसा आणि पिठी त्या गोळ्यांत जाऊन बसते आणि दर महिन्याला खोलायची वेळ येते. एका वॉशरवर कापल्याची कड उभी राहिली होती. काचेवर १००० नंबरचा पेपर ठेवून मी दोन्ही वॉशर मराठी ४ च्या आकड्यासारखे फिरवत सपाट केले, सगळे भाग स्पिरिटने धुऊन पुसले आणि जोडणीला बसलो. कड गेल्यामुळेच पुढचा फरक पडला, असे माझे मत आहे.

जोडताना मुठीचे बाकीचे स्क्रू आधी नुसते टेकवून ठेवावेत आणि मधला स्क्रू पात्याचा प्ले पूर्ण जाईपर्यंत आवळावा. त्यानंतर तो अर्धा पाव, म्हणजे एका फेऱ्याचा आठवा भाग, इतकाच मागे घ्यावा. माझ्या स्क्रूचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, गेजने मोजला तर ०.५ मिलिमीटर भरला, म्हणजे अर्ध्या पावात मिलिमीटरचा सोळावा भाग सरकतो. एवढ्याशा फरकाने चाकूचा स्वभाव बदलतो, हे डाय बसवणाऱ्याला पटेल, इतरांनी करून पाहावे. प्ले तपासताना पाते पूर्ण उघडून, लॉक बसल्यावर, टोकाजवळ पाठीकडून चिमटीत धरून हलकेच आडवे हलवावे. मग मुठीचे स्क्रू समोरासमोर आळीपाळीने आवळावेत, नाहीतर मिटलेले पाते एका पत्र्याकडे झुकते आणि धार त्याला घासते. सगळे जमल्यावर मधल्या स्क्रूच्या जागेची खूण केली, तो पुन्हा काढून आट्यांवर निळे थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) सुईच्या टोकावर मावेल इतके लावले, स्क्रू खुणेवर आणला आणि चोवीस तास चाकूला हात लावला नाही. लाल थ्रेडलॉकर लावू नये, कारण ते सोडवायला बरेच तापवावे लागते आणि त्यात मूठ वितळते. या गोष्टीला आता पाच महिने झाले, स्क्रू जागचा हललेला नाही.

तेलाच्या बाबतीत आणखी एक फजिती झाली. फळे कापायची म्हणून मी वॉशरवर खोबरेल लावले होते. डिसेंबरात सकाळी चाकू एकाएकी जड झाला तेव्हा मी सवयीने स्टार की काढली, आणि तेवढ्यात न्हाणीघरातील खोबरेलाची गोठलेली बाटली दिसली. खोबरेल साधारण २४ अंशांखाली घट्ट होते, आणि आपल्याकडे तर निफाडच्या थंडीची दरवर्षी बातमी होते. आता औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पातळ लिक्विड पॅराफिनचा एक थेंब टाकतो.

लॉकच्या तोंडाला मात्र तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये. माझ्या चाकूत आतल्या पत्र्याचीच एक पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाशी अडते. लायनर लॉकची ही रचना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मायकेल वॉकर यांनी आजच्या रूपात आणली. ही पट्टी टोकाशी झिजली किंवा तेलकट झाली तर पाठीवर दाब येताच पाते मिटू शकते. नवीन असताना पट्टी पात्याच्या बुडाची एक तृतीयांश रुंदी व्यापत होती, आता जवळजवळ निम्मी व्यापते. पट्टी पलीकडच्या पत्र्याला जाऊन भिडेपर्यंत चिंता नाही, तरी महिन्यातून एकदा बोटे बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर दाबून पाहतो.

धार लावण्यासाठी हा चाकू सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे देऊ नये. विळीला तो सुरेख धार लावतो, आमच्या घरी वर्षानुवर्षे त्याचीच धार आहे. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडताना पातळ कड निळी पडते, पोलादाचे पाणी उतरते आणि मग ती धार दोन दिवस टिकत नाही. डी२मधील कणांपुढे साधा दगडही नुसता गुळगुळीत होतो, म्हणून डायमंड प्लेट घ्यावी. कोनासाठी कागदाचा काटकोन दोनदा दुमडला की २२.५ अंश मिळतात, त्याहून किंचित खाली राहिले की झाले. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर टूलरूममधील पॉलिशचा हिरवा साबण घासून पाते मागे ओढत दहा-बारा वेळा फिरवतो.

चाकूचा खरा दोष पात्याच्या जाडीत आहे. धारेच्या लगेच मागे ते ०.६ मिलिमीटर भरले, त्यामुळे सफरचंद कापले जाण्याऐवजी फाटत असे. तीन संध्याकाळी घासून ते ०.४ वर आणले आहे. पुन्हा घेतला तर पाठीशी २.५ मिलिमीटरहून जाड पाते घेणार नाही. खिशाला अडकवायची क्लिप मी पहिल्याच महिन्यात काढली. चारचौघांत चाकू बाहेर दिसावा असे मला वाटत नाही आणि स्कूटरवर बसताना ती सीटचे कव्हर ओरबाडत होती. चांभाराकडून शिवून घेतलेली कातडी खोळ पुरते. दिंडोरीला मेहुण्यांच्या बागेत द्राक्षांचे घड काढून पाहिले, त्या कामाला कात्रीच हवी. नारळ, तारा आणि डब्यांची झाकणे यांना चाकू लावू नये, टोक जाते.

क्लिप काढताना टी६च्या एका स्क्रूचे डोके स्वस्तातल्या कीमुळे माझ्याच हातून गोल झाले. तेवढा एक स्क्रू बदलायचा राहिला आहे.