आधी स्टेरॉइड की आधी बायोप्सी?
एमआरआयमध्ये मेंदूत डाग दिसला. मल्टिपल स्क्लेरोसिसची (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांच्या आवरणावर उलटते तो आजार) सूज की लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग), ठरेना. मामेभावाने विचारलं, स्टेरॉइड देऊन बघायचं का?

खर्च आणि त्रास पाहिला तर स्टेरॉइड सोपं. काही दिवस सलाइनमधून. बायोप्सीत, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासण्यात, कवटीला बारीक भोक, रक्तस्रावाची थोडी जोखीम. पण खात्रीच्या बाबतीत स्टेरॉइड सपशेल नापास. डाग दोन्ही आजारांत आकसू शकतो. शिवाय लिम्फोमाच्या पेशी मरतात आणि नंतरच्या बायोप्सीत कित्येकदा काहीच हाती लागत नाही. ‘गुण आला’ म्हणून लगेच पेढे वाटू नयेत!

पाठीतल्या पाण्यात किंवा डोळ्यांतच लिम्फोमाच्या पेशी सापडल्या, तर कवटीला हात लावावा लागत नाही.

मेंदूवरचा दाब जिवावर बेतत असेल तर स्टेरॉइड लगेच. लिम्फोमाची शंका आहे आणि रुग्ण स्थिर आहे, तर बायोप्सी आधी.