व्हर्च्युअल बाळ वाढवायचं सिम्युलेशन: बालपण झकास, म्हातारपण उरकलंय

मानसशास्त्राच्या वर्गात हे वापरतेय, स्क्रीनवर एक बाळ मिळतं, त्याचं झोपणं-खाणं-शाळा सगळं आपण ठरवायचं आणि त्याप्रमाणे ते घडत जातं. सगळ्यात भारी म्हणजे मुलांची समज वयानुसार कशी बदलते हे दाखवणारा, मानसशास्त्रज्ञ पियाजेचा पाण्याचा प्रयोग, बुटक्या ग्लासातलं पाणी उंच ग्लासात माऊसने ओतायचं, 4 वर्षांचं पोर ठामपणे सांगतं आता पाणी जास्त झालं, वय 8 केलं की म्हणतं तेवढंच तर आहे! पुस्तकातून हे समजावताना घसा कोरडा पडायचा, इथे विद्यार्थी आपणहून वाद घालतात. बाळाचा स्वभावच चिडका निघाला तर कितीही लाड करा, रडतंच, म्हणजे सगळं आईबापाच्या हातात नसतं हेही कळतं. बालविकासासाठी डोळे झाकून घ्या.

पण विशीनंतर गाडी सुसाट. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणूस घडण्याचे 8 टप्पे सांगितलेत, त्यातले शेवटचे 3 मोठेपणाचे, आणि इथे चाळिशी ते म्हातारपण दोनचार क्लिकमध्ये खलास, वर म्हातारा म्हणजे नुसता विसरभोळा, असं कुठे असतं का, शब्दसंग्रह तर साठीपर्यंत टिकतो, वाढतोही. आणि हो, काहीजण मुद्दाम वाईट पर्याय दाबून गंमत बघत बसतात, त्यामुळे प्रत्येक निर्णयामागचं कारण लिहून घ्या.