२४ व्होल्टचा स्कॅनर: द्राक्षाचा सीझन आणि पावसाळा काढल्यानंतर

द्राक्षाचा सीझन तोंडावर आला होता तेव्हा हा स्कॅनर, म्हणजे ट्रकला जोडून बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे दाखवणारं मशीन, घेतला. आता पिंपळगावला टोमॅटोची आवक जोरात आहे आणि स्कॅनर अजून केबिनमध्येच असतो. आमच्या बीएस-६ गाड्या नाशिकहून वाशी मार्केटला माल नेतात आणि येताना मिळेल ते रिटर्न भाडं घेऊन कसारा घाट चढतात. घेण्यामागचं कारण एकच होतं, मध्येच पिकअप पडणं. आधीच सांगतो, पैसे वसूल झाले. मात्र कोड वाचण्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. ते काम आडगाव नाक्यावरचा कुठलाही वायरमन थोड्या पैशांत करून देतो. याची खरी किंमत लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे बघण्यात आहे.

आताच्या डिझेल गाडीत ॲक्सिलरेटरच्या पॅडलपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही. पॅडलच्या वरच्या अंगाला एकाच डबीत दोन सेन्सर असतात. दोघांना ५ व्होल्टचा वेगवेगळा सप्लाय, वेगळा अर्थ आणि वेगळी सिग्नल वायर, म्हणून कपलरला (वायरी जोडायच्या सॉकेटला) बहुधा सहा वायरी दिसतात. आमच्या गाड्यांत पाय न लावता पहिला सेन्सर साधारण ०.७५ व्होल्ट दाखवतो आणि दुसरा त्याच्या निम्मे. पॅडल पूर्ण दाबलं की पहिला ३.८ च्या आसपास जातो, दुसरा १.९ ला. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण बऱ्याच गाड्यांत हे निम्म्याचं नातं असतं. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हा हिशोब सतत ताडून पाहतो. जुळला नाही की पॅडलवर विश्वास ठेवायचं सोडतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून) टाकतो, म्हणजे गाडी आपोआप रेस होण्याचा धोका राहत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण लोड गाडी घाटाच्या वळणावर असताना ड्रायव्हरवर काय वेळ येते हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळतं.

एप्रिलमध्ये एका गाडीला हा त्रास सुरू झाला. "शेठ, गाडी रेसच घेत नाही, बंद करून चालू केली की परत नीट चालते," असा ड्रायव्हरचा फोन. कोड आला पी२१३८, म्हणजे दोन सेन्सरचे व्होल्टेज एकमेकांशी जुळत नाहीत. इग्निशन ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर दोन्ही व्होल्टेजचे ग्राफ लावले आणि ड्रायव्हरला पॅडल अगदी सावकाश दाबायला सांगितलं. पहिली रेघ सरळ चढत गेली. दुसरी साधारण एक तृतीयांश दाबल्यावर खाली टोचल्यासारखी पडली आणि पुन्हा वर आली. सोडतानाही तीच जागा. कितीही वेळा केलं तरी तीच. हायवेला दिवसभर पाय जिथे टेकलेला असतो ती ही जागा. या पॅडलमध्ये घासणाऱ्या पट्टीचा सेन्सर होता आणि तिथेच पट्टी झिजली होती. पॅडल बदललं, विषय संपला.

जुलैत दुसऱ्या गाडीला घोटी-इगतपुरीच्या पावसात अगदी हाच कोड आला. वायरमन म्हणाला, "दादा, मागच्यासारखंच आहे, पॅडल टाकून द्या." या वेळी ग्राफ मात्र दोन्ही स्वच्छ. मग पॅडल एका जागी धरून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूहळू हलवला. कपलरपाशी वायर जरा वाकवली की दुसरी रेघ थेट शून्याला. कपलर काढला तर एका पिनवर हिरवा थर. साफ केला, सैल पिन बदलली, हार्नेस क्लिपमध्ये नीट बसवला. अजून तक्रार नाही. दोन्ही गाड्यांचा कोड एक आणि बिघाड वेगळा. नवीन पॅडलची किंमत पाहता स्कॅनरचे पैसे मला इथे परत मिळाले असं मी धरतो.

सोबत चांगला मल्टिमीटर हवाच. स्कॅनर फक्त ईसीएमला काय दिसतंय ते दाखवतो, करंट कुठे अडलाय ते नाही. कपलरवर ५ व्होल्ट येतात का, अर्थच्या वायरीवर ०.१ व्होल्टच्या वर ड्रॉप आहे का, हे मीटरनेच कळतं. तपासताना वायरीचं कव्हर टोचू नका, त्यातूनच पाणी शिरतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालून रीडिंग घ्या. ५ व्होल्टच गायब असतील तर पॅडलला दोष देण्याआधी बाकीच्या सेन्सरचे कपलर एकेक करून काढून पाहा. बऱ्याच गाड्यांत तो सप्लाय इतर सेन्सरबरोबर वाटलेला असतो आणि शॉर्ट भलतीकडेच निघतो.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली तपासणी याहून सोपी आहे. गाडी ओढत नसताना शेजारी बसून पॅडलची टक्केवारी बघायची. पाय तळाला आणि स्क्रीनवर १०० टक्के असेल तर पॅडल निर्दोष. मग डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज किंवा एडब्लूच्या (धूर साफ करणाऱ्या द्रवाच्या) सिस्टिममुळे कमी केलेली ताकद, असं तपासत जायचं. ब्रेक स्विचही विसरू नका. तो अडकून ब्रेक दाबलेलाच दाखवत असेल तर बऱ्याच गाड्यांत ईसीएम रेस कापतो.

आता तक्रारी. उन्हात स्क्रीन दिसत नाही, आडगावच्या उघड्या यार्डात दुपारी हाताचा आडोसा धरावा लागतो. केबल आखूड आहे. एकावेळी जास्त पॅरामीटर निवडले की रीडिंग उशिरा बदलतं आणि क्षणभराची घसरण निसटून जाते, म्हणून मी फक्त दोन व्होल्टेज आणि टक्केवारी एवढंच लावतो. काही गाड्यांवर पी-कोडऐवजी एसपीएन ९१ येतो, म्हणजे पॅडलच. त्यापुढे एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज जास्त, ४ असेल तर कमी, २ असेल तर अस्थिर. मशीन हे उलगडून सांगत नाही, सांगायला हवं होतं. मेनूत मराठी नाही, ड्रायव्हरच्या हातात द्यायचं म्हटलं की हे खटकतं. अपडेटचे पैसे दरवर्षी वेगळे, हे विकताना दुकानदाराने स्पष्ट सांगितलं नव्हतं.

कारसाठी मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल ट्रकला लावू नका. त्यातले बरेचसे १२ व्होल्टसाठीच बनवलेले असतात, २४ व्होल्टला जळतात. घेताना १६ पिनी आणि गोल ९ पिनी अशा दोन्ही केबल सोबत आहेत का ते बघून घ्या.

एकच गाडी असेल तर दोघा-तिघांत मिळून घेतलेलं परवडेल. आमच्याकडे अपडेट भरून पुढच्या सीझनला हाच चालेल, आणि जून लागायच्या आत सगळ्या गाड्यांचे पॅडलचे कपलर उघडून, साफ करून, पाणी शिरू न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं ठरलंय.